निळ्या जीपची पैज

सुरबाया, ३ ऑगस्ट १९८६

जावईबापू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत असते. या वेळी ती सोडली आहे. अक्षर माझ्या पुतण्याचं, गितोचं आहे. मी बोलतोय आणि तो लिहितोय, कारण माझे हात कामात आहेत. तुझ्यासारखे रिकामे नाहीत.

तू वारसिनीला लिहिलेलं पत्र मी उघडलं. माझ्या घरी आलेलं पत्र मी उघडतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज कोणाला वाटायला हवी ते सांगतो. पाच वर्षं मी तुला पदरी ठेवलं. आलास तेव्हा हातोडी कुठल्या टोकाला धरायची तेही ठाऊक नव्हतं. पत्रा तापवायला शिकवला, पोचा काढायला शिकवला, रंग मिसळायला शिकवला. एवढ्यावर थांबलो नाही, पोटची पोरगी दिली. आणि तू काय केलंस? एका शुक्रवारी मी मशिदीत गेलेलो असताना पिशवी उचललीस आणि ब्लितारला पळालास. कशासाठी, तर दार लावून पत्रा ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा चेला व्हायला!

चाळीस दिवस नुसता पांढरा भात आणि पाणी. म्हणे त्याने हातात शक्ती येते. अरे शहाण्या, उपास करून पत्रा सरळ झाला असता तर मी जन्मभर हातोडी कशाला हाणली असती? गिऱ्हाइकाला बाहेर बसवायचं, दाराला कडी लावायची, आत ठोकाठोक करायची आणि बाहेर आवई उठवायची की भुतं काम करतात. माझं दुकान रस्त्यावर आहे. येणारा-जाणारा बघतो. ज्याला बघायचं त्याने खुर्ची टाकून बसावं.

वारसिनीला पाचवा महिना आहे. सातव्या महिन्यात पोटुशीला घालतात त्या न्हाणाआधी तिला ब्लितारला पाठवा, असं तू लिहितोस. नाही पाठवत. तिला काय घालशील, पांढरा भात?

कस्मुरी


ब्लितार, ११ ऑगस्ट १९८६

ती. बाबांस,

अक्षर गितोचं असलं तरी शिव्या तुमच्याच आहेत, लगेच ओळखू आल्या.

तुम्ही शिकवलंत हे मी नाकारत नाही. पण काय शिकवलंत तेही स्पष्ट बोलू या. गेल्या दोन वर्षांत मी ठोकलं कमी आणि पोचे बुजवायची लांबी जास्त फासली. 'गिऱ्हाईक घाईत आहे, भर लांबी, घास, मार रंग.' त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी आठवते? सहा महिन्यांत दरवाजावरची लांबी पोळीसारखी निघून रस्त्यावर पडली. त्या ओरडत आल्या तेव्हा तुम्ही मला पुढे केलंत. 'या पोराने केलं,' म्हणालात. त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. ते काम तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.

इथे लांबीचा डबाच नाही. एका भंगार दरवाजावर माझ्या गुरूंनी, रेसो आजोबांनी, मला तीन आठवडे बसवलं. ठोक, उलटा कर, पुन्हा ठोक. रंगाला चीर गेली की आजोबा कपाळाला हात लावायचे आणि मी पहिल्यापासून सुरू करायचो. आता चीर जात नाही. कसं करतो ते सांगणार नाही. आतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ आहे, आणि मी ती घेतली आहे.

न सांगता गेलो ही माझी चूक. सांगून गेलो असतो तर तुम्ही जाऊ दिलं असतंत का? ते तुम्हीच सांगा.

वारसिनी माझी बायको आहे. मी इथे खोली घेतली आहे, मागे विहीर आहे, शेजारी सुईण राहते. न्हाण इथे होईल. पहिला तांब्या तुम्ही घालायचा, तेवढा मान तुमचाच आहे. ती न्हाणाआधी इथे यायला हवी, एवढंच मागणं आहे.

पोनिरान

ता. क. माझी पत्रं तिच्या हातात देत जा.


सुरबाया, १९ ऑगस्ट १९८६

दीडशहाण्या,

डॉक्टरीणबाईंचं नाव काढलंस! त्या दिवशी तुला पुढे केलं कारण मला पुढे केलं असतं तर दुकान बसलं असतं, आणि त्याच दुकानावर तू जेवत होतास. पण जाऊ दे. तुझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. तुझं तोंड उपासाने सुटलंय.

तोंडाच्या गोष्टी पुरे. पैज लावू.

माझी निळी जीप तुला माहीत आहे. परवा बंदरावर एका मालट्रकने तिला पुढून दाबली. पुढचं उजवं मडगार्ड आणि बॉनेटची कड, दोन्ही गोळा झाली आहेत. ती ट्रकवर चढवून गितोबरोबर तुझ्या आजोबांकडे पाठवतो. तुला जेवढी शक्ती आली असेल तेवढी लाव. गाडी रंग न उडता सरळ होऊन परत आली तर वारसिनी त्याच जीपमध्ये बसून ब्लितारला येईल, मी अडवणार नाही. गाडीत एक खोट निघाली तरी तू गुपचूप परत यायचं, माझ्या ऐरणीपाशी उभं राहायचं आणि पुन्हा म्हाताऱ्याचं नाव काढायचं नाही.

वारसिनीला हे सांगितलं आहे. ती उड्या मारायला लागली. पेटी काढून कपडे भरायलाही बसली, बावळट. नवऱ्यावर एवढा भरवसा बरा नव्हे, असं मी म्हटलं तर हसली.

काम तू करायचंस. आजोबांनी हात लावला तर पैज मोडली. गितो दाराबाहेर बसून राहील. त्याला आत घेणार नाहीत हे ठाऊक आहे, पण तुझा ठोका त्याच्या कानांना ओळखू येतो.

कस्मुरी


ब्लितार, ४ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,

गाडी झाली. मडगार्ड आणि बॉनेट मी एकट्याने दोन दिवसांत सरळ केली. बोटं फिरवून बघा. रंग तुमच्याच दुकानातला आहे, १९८१ सालचा, जागचा हललेला नाही. गितोला विचारा, दोन्ही दिवस ठोका माझाच होता.

आता पुढचं लिहितो. ते लिहायला नको, हे मला इथल्या प्रत्येकाने सांगितलं आहे.

मडगार्डाच्या आतून हात घातला तेव्हा बोटाला ओली लांबी लागली. खाली वाकून पाहिलं. चासीचा उजवा दांडा, जिथे स्टिअरिंगचा डबा बसतो, तिथे तडा आहे. वीतभर तडा आहे, बराच आत गेलेला. त्यावर कोणीतरी लांबी भरून काळा रंग मारला आहे. वरून काही दिसत नाही. एखाद्या खड्ड्यात दांडा तुटेल आणि चाक फिरवलं तरी गाडी वळणार नाही.

मी रेसो आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी मडगार्डासाठी आली. मडगार्ड देऊन टाक." मी म्हटलं, मालकाला कळवायला हवं. म्हणाले, "आत काय दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. आज तडा सांगशील, उद्या हातोडी सांगशील." आम्ही वेल्डिंग करत नाही, त्यामुळे दुरुस्त करूनही देता येत नव्हता. मी दोन दिवस विचार केला.

बाबा, इथे भुतं नाहीत. आत पाच माणसं आहेत, चिंचेच्या लाकडाचे ठोकळे, रबर, कंदील आणि कान. पत्रा कुठे ताणलाय ते आवाजावरून कळतं. दार बंद असतं कारण मालक समोर उभा राहिला की ठोकणाऱ्याचा हात घाबरतो, आणि घाबरलेल्या हाताने रंग उडतो. एवढीच विद्या आहे आणि ती खरी आहे. पण बंद दाराची माणसाला सवयही लागते. कोणी बघितलं नाही ते नव्हतंच, असं वाटायला लागतं. ती सवय मला लागायला आली होती.

हे सगळं लिहिलं म्हणजे माझी शपथ मोडली. मला ठाऊक आहे. गप्प बसलो असतो तर पैजही जिंकलो असतो आणि बायकोही आली असती. पण ती त्या जीपमधून आली असती.

गाडी ट्रकवरूनच परत पाठवतो आहे. वारसिनीला तिच्यात बसवू नका. तुम्हीही बसू नका. दांडा उघडून वेल्डिंग करा, वरून पट्टी मारा. तिला रेल्वेने पाठवा, मी स्टेशनवर उभा राहीन.

पोनिरान


सुरबाया, १२ सप्टेंबर १९८६

जावईबापू,

हसून हसून पोट दुखलं. तुझं पत्र मी दुकानात सगळ्यांसमोर वाचायला लावलं.

तडा म्हणे! अरे, तडा कधी एवढा सरळ जातो का? पाच वर्षं शिकवलेल्या पोराला तडा आणि करवत यांतला फरक कळू नये? दांडा मीच कापायला लावला. करवत लावून, मोजून, वीतभर. वरून लांबी आणि काळा रंग. गाडी ट्रकवर का चढवली ते आता कळलं? तेवढी अक्कल मला आहे. त्या गाडीत मी मांजरसुद्धा बसवलं नसतं.

मला बघायचं होतं, बंद दारातून काय बाहेर येतं. गाडी छान छान म्हणून परत आली असती तर मी ती गावभर फिरवून दांडा दाखवणार होतो आणि तुझ्या आजोबांचं दुकान उठवणार होतो. ते झालं नाही. तुझं पत्र आलं. हे तर त्याहून बरं झालं.

तू हरलास. 'एक खोट निघाली तरी' असं मी लिहिलं होतं, आणि खोट तूच काढून दिलीस. आता तिथेही तुला थारा नाही, कारण तुझं पत्र मी पाकिटात घालून जसंच्या तसं रेसो आजोबांना पाठवलं आहे. चिंचेचे ठोकळे, कंदील, रबर, सगळं त्यांच्या चेल्याच्या अक्षरात. वाचून त्यांना बरं वाटेल.

मडगार्ड मी पाहिलं. उन्हात पाहिलं, दिवा लावून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. काही सापडलं नाही. त्याचा मला राग आला, तो वेगळा.

आता नखरे पुरे. पिशवी उचल आणि ये. ऐरण जागेवर आहे.

कस्मुरी


ब्लितार, १७ सप्टेंबर १९८६

कस्मुरी यांस,

तुमचं पाकीट सोमवारी पोचलं. रेसो आजोबांनी ते मला वाचायला लावलं, माझंच पत्र, सगळ्यांसमोर. तुमच्या दुकानात वाचलं गेलं तसंच. मग त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि दार उघडून धरलं. मी बाहेर आलो आणि आतून कडी लागली.

तडा सरळ आहे हे मला दिसलं होतं. करवत तुमच्या हातात असेल हे मनात आलं नाही. तेवढी माझी चूक.

पैज हरलो, कबूल. तरी येणार नाही. खोटारडा म्हणायचं तर म्हणा. मला लांबी फासायला लावलीत ते मी सोसलं, लोकांसमोर पुढे केलंत तेही सोसलं. पण चाकावर चालणारी वस्तू जाणूनबुजून कापतो त्याच्या शेजारी उभं राहून मला काम करता येणार नाही. ट्रकवरून उतरवताना कोणी ती जीप दहा पावलं चालवली असती तर?

वारसिनीला काय हवं ते वारसिनीला विचारा. तिच्या तोंडून ऐकेन.

पोनिरान


सुरबाया, ५ ऑक्टोबर १९८६

पोनिरान,

हे मी स्वतः लिहितो आहे. गितोशी बोलणं बंद आहे. वाचता आलं नाही तर सोडून दे.

वारसिनी गेली. मंगळवारी सकाळी मी दुकानात होतो. गितोने तिला बसवर बसवलं, पेटी टपावर चढवली आणि परत येऊन रंग घासत बसला. मी विचारलं तर म्हणतो, "मला काय माहीत, काका." माझ्या घरात माझंच मीठ खाऊन!

पोरगी सातव्या महिन्यात बसने जाते आणि तुला काही वाटत नाही? तिला ताबडतोब परत पाठव. न्हाण इथे होईल. मांडववाल्याला सांगून ठेवलं आहे, सात जणी ठरल्या आहेत, शहाळी आणली आहेत.

आणि तूही ये. पैज हरला आहेस. शब्द आहे की नाही काही?

कस्मुरी


तुलुंगागुंग, १४ ऑक्टोबर १९८६

बाबा,

तुमचं पत्र ब्लितारला रेसो आजोबांच्या दारात पडलं होतं. त्यांच्या एका माणसाने ते इथे आणून दिलं. ते यांच्या नावाचं होतं, पण मी उघडलं. माझ्या घरी आलेलं पत्र मी उघडते.

यांनी मला परत पाठवायचा प्रश्नच नाही. हे मला न्यायला आले नव्हते, मी आपणहून आले. गितोवर चिडू नका. त्याच्याकडून तुम्ही करवत चालवून घेतलीत, तेव्हापासून त्याला जेवण जात नव्हतं. त्यानेच मला सगळं सांगितलं. यांची पत्रं मात्र मला कोणी दिली नाहीत. तड्याचं तेवढं ऐकलं, तेही स्वयंपाकघरातून, कारण तुम्ही दुकानात मोठ्याने वाचायला लावलं होतं. सगळे हसत होते. मी भाजी चिरत होते. मी पेटी भरायला काढली तेव्हा तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. दोन आठवडे मी बाळाची दुपटी शिवून पेटीत घालत होते, आणि ज्या गाडीत बसून जायचं म्हणून घालत होते ती तुम्ही कापलेली होती. 'बसवणार नव्हतो' म्हणता. खरंच असेल. पण मला भरू दिलंत की.

आता तुम्ही यांना कधीच लिहिलं नाहीत ते लिहिते. तुमचा उजवा हात जानेवारीपासून मिटत नाही. हातोडी धरली की सुटते. तुम्ही ती मनगटाला दोरीने बांधून ठोकता, आणि कोणी आलं की दोरी बाहीत ढकलता. हे तिथे असेपर्यंत ठोकायची कामं यांच्यावर टाकलीत, त्यामुळे यांना कळलं नाही. म्हणून पत्रं गितोकडून लिहून घेतलीत, म्हणून दांडा गितोकडून कापून घेतलात. हे पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत, आणि कागद चार ठिकाणी फाटला आहे.

यांनी जावं असं तुम्हाला कधी वाटलं नाही, ते मला माहीत आहे. हे गेल्यावर दुकान कोण चालवणार, या भीतीने तुम्ही रात्ररात्र जागे होतात. 'ये, माझा हात चालत नाही' एवढं लिहायचं होतं. शिव्या घालून लिहिलं असतंत तरी चाललं असतं. त्याऐवजी तुम्ही पैज लावली, गाडी कापली, माणसाला त्याच्या गुरूच्या दारातून हाकलून लावलं.

ब्लितार सोडून आम्ही इथे आलो, इथे आमचं बरं आहे. रस्त्याच्या कडेला चार बांबू आणि वर पत्रा, एवढंच दुकान आहे. दार नाही. बस दुरुस्तीला घेऊन माणसं येतात, समोर उभी राहून बघतात, यांचा हात घाबरत नाही. भिंतीला टेकवलेल्या पाटीवर 'लांबी लावत नाही' असं लिहिलं आहे, ते मी लिहिलं.

न्हाण परवा आहे. पहिला तांब्या शेजारच्या म्हातारीचा. तुम्ही येऊ नका.

तुमच्या हाताचं मी यांना आठवड्यापूर्वी सांगितलं. मला वाटलं, चिडतील, किंवा बरं झालं म्हणतील. हे सरळ उठले, पिशवी काढली, दोन सदरे भरले, हातोडी भरली, चिंचेचा ठोकळा भरला, आणि सुरबायाची बस किती वाजता असते ते मला विचारलं.

पिशवी मी रिकामी केली. खोलीच्या दारात बसून राहिले. ते येत होते बाबा. मी येऊ दिलं नाही.

वारसिनी